टे-सॅक्सची तपासणी आणि आपण बेने इस्रायल



आपल्या मंडळीतील मुलामुलींची लग्ने आता अश्केनाझी घराण्यांतही होऊ लागली आहेत. लग्न ठरले की डॉक्टर रक्ततपासणीची यादी हातात ठेवतात आणि मग मला फोन येतो, "मावशी, हा टे-सॅक्स आपल्यात असतो काय? आपण कोकणातले, आपल्याला कशाला ही तपासणी?" दुसरा कोणी म्हणतो, "आपण ज्यू आहोत ना, मग ज्यूंचीच तपासणी पुरे." दोन्ही बोलणी अर्धवट खरी आहेत. म्हणून आज हा विषय मुळापासून सांगण्याचे योजिले आहे.

हा रोग मी पुस्तकात वाचला तो मुंबईत परिचारिकेची पदविका घेताना. पाहिला तो पुढे न्यू जर्सीत, बालरुग्ण विभागात. मूल जन्मते तेव्हा गुटगुटीत असते. तीन ते सहा महिन्यांपर्यंत आईला काहीच वावगे दिसत नाही. मग बारीकशा आवाजानेही ते दचकू लागते. मान धरीत होते ती धरीनासे होते, खुळखुळ्याकडे हात नेत होते तो नेईनासे होते. पुढे दृष्टी जाते, झटके येतात, गिळता येत नाही. बहुतेक मुले चार-पाच वर्षांपलीकडे जगत नाहीत. नळीने दूध घालणे, कूस बदलणे, घशातला कफ ओढून काढणे एवढेच आमच्या हाती असे. त्या मुलांच्या आया मला विचारीत, "आमच्या दोघांच्याही घरात असे कोणी नव्हते, मग हे आले कुठून?" या प्रश्नाचे उत्तर सांगण्यासारखे आहे.

लंडनचे नेत्रवैद्य वॉरन टे यांनी १८८१ मध्ये अशा एका बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर लाल ठिपका पाहिला. १८८७ मध्ये न्यूयॉर्कचे बर्नार्ड सॅक्स यांनी अशा मुलांच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले आणि पुढे हा रोग पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत अधिक आढळतो, असेही नोंदविले. कारण मात्र सापडायला १९६९ साल उजाडले. कॅलिफोर्नियातील ओकाडा आणि ओब्रायन यांनी दाखविले की या मुलांच्या शरीरात हेक्सोसामिनिडेज-ए नावाचे एन्झाइम, म्हणजे विकर, नसतेच. मज्जापेशींत तयार होणारा एक स्निग्ध पदार्थ मोडून टाकणे हे त्याचे काम. ते नसले की तो पदार्थ साचत जातो आणि पेशी गुदमरते.

हे विकर बनविण्याची आज्ञा पंधराव्या गुणसूत्रावरील जनुकात असते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. शुक्रवारच्या संध्याकाळी आपण दोन दिवे लावतो. त्यांतला एक विझला तरी घरात उजेड राहतोच. एक प्रत सदोष असलेला माणूस असाच धडधाकट राहतो. त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक एवढी शक्यता की बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळतील. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या घरात रोग दिसत नाही आणि एके दिवशी दिसतो. अश्केनाझींत सुमारे तिसांत एक वाहक असतो, इतर लोकांत सुमारे तीनशेत एक. तीस गुणिले तीस गुणिले चार केले, म्हणजे ३,६०० जन्मांमागे एक मूल.

आता ज्यांच्यासाठी हे व्याख्यान घेतले, त्यांच्याकडे वळते. डॉ. मायकेल काबॅक हे तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील बालरोगतज्ज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञ होते. रोग बरा करता येत नाही, पण वाहक आधीच ओळखता येतील, हे त्यांनी हेरले. रक्तद्रवात या विकराचे दोन भाऊ असतात, ए आणि बी. द्रव सुमारे ५० अंशांवर काही तास तापविला की ए निकामी होतो, बी टिकतो. तापविण्यापूर्वीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांच्या फरकावरून ए किती आहे ते कळते. वाहकात तो साधारण निम्मा असतो. पद्धत साधी होती. काबॅक यांनी ती हजारो नमुन्यांना पेलेल अशी यंत्रावर बसविली.

परंतु मला त्यांचे दुसरे काम अधिक मोठे वाटते. सुया आणि नळ्या घेऊन ते थेट लोकांत गेले नाहीत. वर्षाहून अधिक काळ त्यांनी रब्बी, डॉक्टर, स्त्रियांची मंडळे आणि पीडित मुलांचे आईबाप यांना एकत्र बसवून समजावण्यात घालविला. मग मे १९७१ मधील एका रविवारी मेरिलँडमधील बेथेस्डाच्या बेथ एल सिनेगॉगमध्ये पहिली तपासणी झाली आणि एका दिवसात अठराशेच्या आसपास माणसांनी रक्त दिले. ज्यांनी लसीकरणाच्या शिबिरात रांगा सांभाळल्या आहेत, त्यांना या आकड्याचे वजन कळेल. २००० सालापर्यंत जगभर चौदा लाखांहून अधिक लोक तपासले गेले, आणि अमेरिका व कॅनडातील ज्यू समाजात या रोगाचे जन्म नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. आज अमेरिकेत टे-सॅक्सची बहुतेक मुले ज्यूंखेरीज इतर घरांत जन्मतात.

गर्भातच निदान करण्याचा मार्ग सर्वांना मान्य नव्हता. ब्रुकलिनचे रब्बी योसेफ एकस्टाईन यांनी या रोगाने चार मुले गमावली होती. त्यांनी १९८३ मध्ये 'दोर येशोरिम' सुरू केले. मुलामुलींचे रक्त लग्नाआधीच तपासायचे, नावाऐवजी क्रमांक ठेवायचा, आणि सोयरीक जुळवताना दोन क्रमांक देऊन हे स्थळ योग्य की अयोग्य एवढेच विचारायचे. कोण वाहक हे गावभर होत नाही, म्हणून कोणाला कलंक लागत नाही. आपल्याकडे स्थळ पाहताना घराण्याची किती खोदून चौकशी होई, हे आठवले की मला या युक्तीचे कौतुक वाटते.

आता आपला प्रश्न. १९८८ मध्ये रेचल मायरोविट्झ यांनी अश्केनाझींतील सर्वांत सामान्य दोष शोधला: जनुकात चार अक्षरे जादा शिरली आहेत. नंतर आणखी दोन दोष मिळाले. हे तीन तपासले की अश्केनाझी वाहकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सापडतात. पण हे दोष त्या समाजाच्या इतिहासातले आहेत. लुईझियानातील केजन आणि क्यूबेकमधील फ्रेंच लोकांतही टे-सॅक्स अधिक आढळतो. तो ज्यू रोग नव्हे. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या, आपसांत लग्ने करणाऱ्या समाजांचा तो रोग आहे. अहमदाबादच्या डॉ. फ्रेनी शेठ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतीय रुग्ण मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुजरातमधील, एकमेकांशी नाते नसलेल्या अनेक घरांत एकच दोष मिळाला, आणि तो अश्केनाझींचा दोष नव्हता.

आपणही थोड्या पूर्वजांपासून वाढलेला समाज. नवगावच्या किनाऱ्याची कथा आपण मुलांना सांगतोच. कॉर्नेल विद्यापीठातील वाल्डमन, कायनान आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बेने इस्रायल लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आपल्यात आहेत, आणि पुढे कित्येक पिढ्या लग्ने आपसांतच झाली, असे त्यात दिसले. तपासलेली माणसे केवळ अठरा. एवढ्यावरून वंश कळतो, वाहकांचे प्रमाण काढता येत नाही.

म्हणजे फक्त अश्केनाझी यादीतील तीन दोष तपासून "काही नाही" असा कागद मिळाला, तर बेने इस्रायल मुलामुलींनी त्यावर विसंबू नये. काबॅक यांची जुनी तपासणी आपल्याला याच ठिकाणी उपयोगी पडते. ती दोष कोणता हे विचारीत नाही. विकर किती आहे एवढेच मोजते, मग दोष पोलंडचा असो की पेणचा. तिच्यात एक उणीव आहे. काही निरुपद्रवी बदलांमुळेही आकडा कमी येतो, आणि ज्यूंखेरीज इतरांत हे बरेचदा घडते. म्हणून आकडा कमी आल्यास घाबरून जाऊ नये. संपूर्ण जनुक वाचून घेतल्यावरच निष्कर्ष काढतात. अमेरिकेच्या वैद्यकीय आनुवंशशास्त्र महाविद्यालयानेही २०२१ पासून वंश न विचारता ११३ जनुकांची तपासणी सर्व गरोदर स्त्रियांना देऊ करावी, असे सुचविले आहे.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना आपले मूळ भारतीय ज्यू असे स्पष्ट सांगावे. नुसते 'ज्यू' लिहिले तर अश्केनाझी समजतात, नुसते 'भारतीय' लिहिले तर कित्येकदा पुढे विचारीतच नाहीत. हेक्सोसामिनिडेजची मोजणी आणि संपूर्ण जनुकवाचन, दोन्हींची मागणी करावी. तपासणी लग्नाआधी किंवा गरोदर राहण्याआधी झाली तर उत्तम. स्त्री गरोदर असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर रक्तद्रवावरील आकडा चुकतो. त्या वेळी श्वेतपेशींवरच तपासणी करायची असते, आणि ही गोष्ट रक्त घेणाऱ्या परिचारिकेला सुई टोचण्यापूर्वी सांगायची असते.