मोहरीचा बहर आणि मधमाशीचे आरोग्य

ग्वाल्हेर, मुरैना व भिंड हा मोहरीचा पट्टा होय. हिवाळ्यात शेते पिवळी होताच मधपाळ आपल्या पेट्या बांधावर आणून ठेवतात. मोहरीत स्वपरागीभवन होते, त्यामुळे माशीवाचूनही पीक येते. पण माशांचा वावर असल्यास दाणे अधिक भरतात. सूर्यफुलासारख्या पिकात हे अवलंबित्व याहून जास्त असते.

पेट्यांत बहुधा इटालियन माशी असते. १९६०च्या दशकात ती उत्तर भारतात स्थिरावली. तिचा मोठा शत्रू म्हणजे व्हरोआ हा कोळीवर्गीय परजीवी. मूळचा तो आशियाई माशीवरचा. तिला त्याच्याशी जुळवून घेता आले, पाहुणीला नाही. पोळ्यातील पिलांवर तो वाढतो आणि विषाणूही पसरवतो, त्यामुळे माशा चुरगळलेल्या पंखांच्या निपजतात. आपली सातेरीही सुरक्षित नव्हती. १९९१-९२च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात तिच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या.

तिसरे संकट मात्र आपल्याच हातचे आहे. मोहरीवर मावा (येथे त्याला माहू म्हणतात) नेमका फुलोऱ्याच्या सुमारास येतो आणि शेतकरी इमिडाक्लोप्रिडसारखे औषध फवारतो. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतातील त्याच्या वापरावर बंदी घातली. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. मावा पीक खातो, हेही खरेच. तथापि फवारणी अटळच असेल तर ती सायंकाळी, माशा पेटीत परतल्यावर करावी आणि मधपाळाला आदल्या दिवशी कळवावे. म्हणजे पेट्या हलविण्यास त्याला एक रात्र मिळते.