नांदेड-लातूर आणि मंत्रिमंडळ : पन्नास वर्षांचा मागोवा

देवेंद्र फडणवीस यांनी 5 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत आझाद मैदानावर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. एकनाथ शिंदे आणि अजित पवार हे दोन उपमुख्यमंत्री झाले. दहा दिवसांनी नागपूरच्या राजभवनात 33 कॅबिनेट आणि 6 राज्यमंत्र्यांचा शपथविधी झाला व मंत्रिमंडळाची संख्या 42 वर पोहोचली. त्या यादीत नांदेड जिल्ह्यातले एकही नाव नव्हते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत या जिल्ह्याने विधानसभेच्या नऊपैकी नऊ जागा महायुतीला दिल्या होत्या : भाजपला पाच, शिंदेंच्या शिवसेनेला तीन आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला एक. आठ जागांच्या सातारा जिल्ह्याला त्याच यादीत चार मंत्री मिळाले. नांदेडमध्ये याची चर्चा कोणाचा पत्ता कोणी कापला, याच अंगाने झाली. पण प्रश्न एका यादीपुरता नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले, आणि त्याच काळात मंत्रिमंडळातले या भागाचे स्थान नियमावर उभे न राहता व्यक्तींवर उभे राहिले. व्यक्ती गेल्या तसे स्थानही गेले. आजच्या रिकाम्या जागेचे मूळ तिथे आहे.

21 फेब्रुवारी 1975 रोजी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. अकरा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वसंतराव नाईकांच्या राजवटीनंतर हे पद प्रथमच मराठवाड्याकडे आले. पाटबंधारे खाते सांभाळलेल्या या नेत्याच्या डोळ्यांसमोर गोदावरीचे खोरे होते. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या जायकवाडीचे लोकार्पण 1976 मध्ये इंदिरा गांधींनी केले, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. 1977 मध्ये ते पायउतार झाले. 1985 मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले, पण त्यांची कारकीर्द नऊ महिन्यांत आटोपली. मार्च 1986 मध्ये शंकरराव पुन्हा आले आणि जून 1988 पर्यंत राहिले. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 चे आहे. म्हणजे मुख्यमंत्रिपद हाती असताना कामे झाली, हे निर्विवाद. मात्र ते पद हातून गेले, तेव्हा आपल्या भागाचे मंत्रिमंडळातले प्रमाण कायम राखणारी व्यवस्था कोणी मागे ठेवली नाही.

1999 नंतरचा काळ या भागाच्या सत्तेचा परमोच्च काळ होता. बाभळगावचे विलासराव देशमुख ऑक्टोबर 1999 ते जानेवारी 2003 आणि पुन्हा नोव्हेंबर 2004 ते डिसेंबर 2008 मुख्यमंत्री होते. अशोक चव्हाण त्यांच्या मंत्रिमंडळात आधी महसूल, पुढे उद्योग खाते सांभाळत होते. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर विलासरावांना जावे लागले आणि 8 डिसेंबर 2008 रोजी अशोक चव्हाणांनी शपथ घेतली. लातूरचे पद शेजारच्या नांदेडला आले. नोव्हेंबर 2004 ते नोव्हेंबर 2010 अशी सलग सहा वर्षे मुख्यमंत्री याच पट्ट्यातला होता. एवढी सत्ता असूनही या काळात काय सुटले नाही, हे पाहिले पाहिजे. 2009 मध्ये नांदेडला स्वतंत्र महसूल आयुक्तालय देण्याचा निर्णय झाला, लातूरने त्याला कडाडून विरोध केला आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे आजही छत्रपती संभाजीनगरच्याच आयुक्तालयाखाली आहेत. नांदेडकर आणि लातूरकर आपापल्या नेत्याच्या नावावर भांडले. दोघांनी मिळून काय मागायचे, हे ठरलेच नाही.

नोव्हेंबर 2010 मध्ये अशोक चव्हाणांनी राजीनामा दिला आणि कराडचे पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री झाले. ऑगस्ट 2012 मध्ये विलासराव गेले, जून 2014 मध्ये गोपीनाथ मुंडे गेले. दोन वर्षांत मराठवाड्याचे दोन मोठे आवाज थांबले. 2014 च्या फडणवीस मंत्रिमंडळात लातूरला संभाजी पाटील निलंगेकरांच्या रूपाने 2016 मध्ये स्थान मिळाले, नांदेडला शेवटपर्यंत मिळाले नाही. महाविकास आघाडीच्या काळात अशोक चव्हाण सार्वजनिक बांधकाम मंत्री होते, लातूरचे अमित देशमुख वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि उदगीरचे संजय बनसोडे राज्यमंत्री होते. जून 2022 मध्ये ते सरकार पडले. शिंदे मंत्रिमंडळात नांदेड नव्हते, लातूरला जुलै 2023 मध्ये बनसोडे यांच्यामुळे जागा मिळाली. 2024 मध्ये अहमदपूरचे बाबासाहेब पाटील सहकारमंत्री झाले. 2014 पासूनचा काळ एकत्र मांडला तर नांदेडला मंत्री होता तो फक्त आघाडीची अडीच वर्षे. मुख्यमंत्री तीन झाले, पक्षांच्या जोड्या बदलल्या, तरी निकाल जवळपास तोच राहिला. त्यामुळे हा एका नेत्याच्या मर्जीचा परिणाम मानता येत नाही.

याचे कारण मंत्रिमंडळ घडवण्याच्या पद्धतीत आहे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणली. महाराष्ट्रात ती कमाल 43 होते. या जागा आधी पक्षांत वाटल्या जातात आणि प्रत्येक पक्ष आपल्या वाट्यात जात, गट, निष्ठा आणि ज्येष्ठता यांचा मेळ घालतो. तिन्ही याद्या शेजारी ठेवून जिल्ह्यांचा नकाशा पाहण्याची जबाबदारी कोणावरच नसते. नांदेडचे पाच आमदार भाजपच्या यादीत मागे राहतात, तीन शिवसेनेच्या, एक राष्ट्रवादीच्या; आणि नऊ मिळून कोणाच्याच हिशेबात येत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा की मराठवाड्यावर अन्याय झालाच नाही. 288 पैकी 46 आमदार, म्हणजे 16 टक्के. 42 मंत्र्यांत पावणेसात जागा येतात आणि डिसेंबर 2024 मध्ये सहा मिळाल्या : पंकजा मुंडे, धनंजय मुंडे, अतुल सावे, संजय शिरसाट, बाबासाहेब पाटील आणि राज्यमंत्री मेघना बोर्डीकर. हा आक्षेप आकड्यांपुरता बराचसा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण या सहा जागा चार जिल्ह्यांत गेल्या. नांदेड, हिंगोली, जालना आणि धाराशिव कोरडे राहिले. मार्च 2025 मध्ये धनंजय मुंडेंनी राजीनामा दिला आणि त्यांचे अन्न व नागरी पुरवठा खाते मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या छगन भुजबळांकडे गेले. सहाचे पाच झाले, कारण रिकामी झालेली जागा पक्षाची मानली गेली, प्रदेशाची नव्हे. खात्यांचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. गृह, अर्थ, नगरविकास, महसूल यांपैकी एकही खाते मराठवाड्याकडे नाही. गोदावरी खोऱ्याचे जलसंपदा खाते अहिल्यानगर जिल्ह्यातील राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे आले. जायकवाडीत 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय उभा राहतो. अशा वेळी निर्णयाच्या टेबलावर खालच्या भागाचाही कोणी असावा, ही अपेक्षा रास्त आहे. त्यात कोणाच्या हेतूबद्दल शंका नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा : मंत्री साऱ्या राज्याचा असतो, त्याला जिल्ह्याच्या कुंपणात का बांधायचे? तत्त्व योग्य आहे, पण राज्यकारभार त्याप्रमाणे चालत नाही. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा जिल्हा नियोजन समिती ठरवते आणि तिचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. जानेवारी 2025 मध्ये नांदेडचे पालकमंत्रिपद छत्रपती संभाजीनगरच्या सावेंकडे, लातूरचे साताऱ्याच्या शिवेंद्रसिंहराजे भोसलेंकडे गेले आणि लातूरचे स्वतःचे मंत्री बाबासाहेब पाटील यांना गोंदिया मिळाला. त्याआधी 2022 मध्ये नांदेड आणि लातूर दोन्ही जामनेरच्या गिरीश महाजनांकडे होते. बाहेरचा पालकमंत्री कामच करत नाही, असे नव्हे. पण तो इथल्या मतदाराला उत्तर द्यायला बांधलेला नाही, आणि जबाबदारी अखेर मतपेटीशीच जोडलेली असते.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे : चार मुख्यमंत्री होऊनही अनुशेष राहिला, मग एका मंत्र्याने काय होणार? या आक्षेपातूनच पुढची दिशा मिळते. खुर्ची मागणे पुरेसे नाही, नियम मागितला पाहिजे. तो नियम लिहिलेलाही आहे. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात शासनाची रचना त्या त्या विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असावी आणि मराठवाड्याच्या विकासाकडे विशेष लक्ष द्यावे, असे स्पष्ट कलम आहे. संविधानाच्या 371(2) कलमाखाली 1994 मध्ये विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली आणि पुढे वाढवली गेली नाही. मराठवाड्यातल्या सर्व पक्षांच्या 46 आमदारांनी तीन गोष्टींवर एकत्र उभे राहावे : मराठवाड्याचे विकास मंडळ पुन्हा कार्यरत करावे, मंत्रिपद रिकामे झाले तर ते त्याच विभागात भरावे, आणि पालकमंत्री किमान त्याच महसूल विभागातला असावा. नांदेड-लातूरने एकमेकांविरुद्ध भांडून आयुक्तालयाचा प्रश्न 2009 पासून अडकवून ठेवला. हीच दोन्ही शहरे या मागण्यांसाठी एकत्र आली, तर पुढचा मुख्यमंत्री कोणत्याही जिल्ह्याचा असो, त्याला यादी करताना मराठवाड्याचा नकाशा समोर ठेवावाच लागेल.