आप्पांच्या गाडीचे अधूनमधूनचे दुखणे

आमच्या आप्पांची गाडी फक्त आप्पांच्याच हातून बंद पडते, असा शोध गेल्या वर्षी आमच्या घरात लागला आणि आम्ही सर्वांनी तो एकमताने मंजूरही करून टाकला. एकमतातून अर्थातच आप्पा वगळलेले होते.

गाडी म्हणजे पद्मिनी. १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात जी फियाट बनू लागली, तिचेच पुढे हे नामकरण झाले. २००१ साली ती निघायची बंद झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली. आमची १९८६ ची. तेव्हा मी पहिलीत होतो. आज पुण्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. आप्पा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. एवढ्या वयाच्या गाडीला गंज चढला, तर त्यात कोणाचा दोष म्हणायचा?

दुखणे असे. मंडईतून भाजी घेऊन आप्पा परत निघत, सेल्फ मारीत आणि आतून नुसते 'टक्' ऐकू येई. दिवे मात्र झकास लागत, हॉर्न ठणठणीत वाजे. दहापंधरा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारावा, तो गाडी आज्ञाधारक मुलासारखी सुरू! मी रविवारी सकाळी गाडी काढी, तेव्हा पहिल्याच फटक्यात इंजिन चाले. गॅरेजात नेली की तिथेही तेच. मग आम्ही नवी बॅटरी बसवली. सेल्फचे कार्बन बदलले. एका वायरमनने तर मीटर लावून सगळ्या तारा तपासल्या. मीटर जागोजागी 'पीं' करून ओरडला, आणि "साहेब, सगळं ओके आहे" असे सांगून त्याने पैसे घेतले.

मग उरले कोण? आप्पा.

एका दुपारी ऐन लक्ष्मी रस्त्यावर गाडी अडली. मागे हॉर्नचा कल्लोळ, चार पोरे धक्का मारताहेत आणि घामाघूम झालेले आप्पा चक्राशी बसलेले, हे दृश्य आमच्या शेजाऱ्यांनी पाहिले आणि घरी येऊन सांगितले. त्या संध्याकाळी मी किल्ली माझ्या कपाटात ठेवली. वयाचे, रहदारीचे, काळजीचे चार शब्द बोललो. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो किल्लीच्या खुंटीवर त्यांनी छत्री अडकवून ठेवली होती.

गाडी विकायची ठरली. विकण्यापूर्वी एकदा दाखवावी म्हणून नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे आम्ही सगळे गेलो. त्यांनी बोनेटला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारले, "केव्हा होतं?"

"अधूनमधून," मी म्हणालो.

"अधूनमधून म्हणजे केव्हा, साहेब?"

मोघम उत्तराचे गुण कापण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्या माझ्याजवळ याला उत्तर नव्हते. तेव्हा आप्पांनी खिशातून एक छोटी वही काढली. चौदा नोंदी होत्या. तारीख, वेळ, ठिकाण, आधी गाडी किती चालली, मग किती वेळ उभी होती. चौदापैकी तेरा वेळा इंजिन तापलेले होते. मी गाडी काढत असे ती नेहमी थंड! ही वही त्यांनी मला दोनदा दाखवू केली होती. मी पेपर तपासत होतो.

एवढ्यात आमची सौ. म्हणाली, "आणि त्या दिवशी छत्री उचलायला वाकले, तर त्या चोकच्या तारेनं माझं कोपर भाजलं. मी तेव्हाच बोलले होते."

मेस्त्री ताडकन उठले. "ताई, हे आधी सांगायचं!"

त्यानंतर त्यांनी जे केले ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. इंजिन सुरू होऊ नये म्हणून त्यांनी कॉइलची तार काढली. मीटर व्होल्टवर ठेवला; एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला. "आप्पा, मारा सेल्फ!" खरे म्हणजे तिथे अर्ध्या व्होल्टच्या आतच काटा राहायला हवा. तो पाचावर गेला. तेच टोक बॉडीला लावले, तर जवळजवळ शून्य. म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंत वाट मोकळी. खोळंबा बॉडी आणि इंजिन यांच्यामध्ये.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते. बॉडीशी त्याचा विजेचा संबंध ठेवते ती तांब्याच्या तारांची विणलेली अर्थिंगची पट्टी. ती तेलाच्या नि चिखलाच्या थराखाली होती. बोल्ट घट्ट, पण खाली गंज; अर्ध्याअधिक तारा तुटलेल्या. सेल्फला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. एका ओहमच्या विसाव्या भागाएवढा अडथळा आला, तरी बारापैकी पाच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मग बिचारी वीज दुसरी वाट शोधते. चोकची तार ती हीच. म्हणून ती तापली. वायरमनचा मीटर 'पीं' म्हणाला तेही खोटे नव्हते, कारण त्याला एक तार शाबूत असली तरी पुरते. बोळातून एकटा माणूस जातो, गणपतीची मिरवणूक जात नाही. इंजिन तापले की तो सांधा आणखी बिघडत असावा, आणि तापलेले इंजिन गाद्यांवर जरा हलून बसले की कधी जुळत, कधी सुटत असावा, असे मेस्त्रींचे म्हणणे.

त्यांनी एक जाड केबल बॅटरीच्या ऋण खुंटीपासून थेट इंजिनला लावली, कॉइलची तार जोडली. गाडी चटकन सुरू झाली. मग जुनी पट्टी काढली, दोन्ही जागा कानशीने घासून लख्ख केल्या आणि नवी बसवली. नव्या बॅटरीच्या बिलापुढे त्याचा खर्च सांगायलाही लाज वाटते.

परतताना मी किल्ली आप्पांपुढे धरली. माफी मागायची मनात होती. आमच्या घरात ती पद्धत नाही. त्यांनी आधी वही काढली, बोनेटवर ठेवून लिहिले, "अर्थिंगची पट्टी बदलली. गाडी ठीक." चालकाविषयी एक अक्षर नाही. मग किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते मंडईला निघाले. मीही गेलो, शेजारच्या सीटवर, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन.