थंडी कधी सरते? उन्हाळी भाज्यांच्या लागवडीची वेळ

संक्रांत झाली की थंडी गेली, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. नगर जिल्ह्यातली जमीन मात्र हे ऐकत नाही. जानेवारीच्या अखेरीस दुपारी ऊन चटकू लागते, अंगणात स्वेटर नकोसा होतो आणि बाजारात काकडी, दोडका, भेंडीच्या बियांची पाकिटे दिसू लागतात. पहाटे मात्र पारा दहा-बारा अंशांवर असतो, कधी त्याखालीही. दुपारच्या उन्हाला भुलून आपण बी टाकतो, पण ते उगवणार की नाही हे रात्र ठरवते.

आपल्याकडे हिम पडत नाही. निफाडच्या द्राक्षबागांत किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी अधूनमधून येते, तेवढेच. आपला प्रश्न आहे थंडगार मातीचा. काकडीचे बी २५ ते ३० अंश उष्णतेत चार-पाच दिवसांत वर येते. माती १५ अंशांखाली असेल तर ते ओलाव्यात पडून कुजते. उगवलेच तरी रोप खुरटते, पाने पिवळी पडतात, आणि पंधरा दिवसांनी लावलेला वेल त्याच्या पुढे निघून जातो. संकरित बियाण्याचे पाकीट आता स्वस्त राहिलेले नाही. गुंठा-दोन गुंठ्यांत भाजी करून आठवडी बाजारात बसणाऱ्या बहिणीला दुबार बी घेणे परवडत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काकडीची ‘हिमांगी’ नावाची जात दिली आहे. नाव हिमांगी असले तरी थंडी तिलाही सोसत नाही, हे लक्षात असू द्या!

मग सरळ मार्चपर्यंत थांबावे का? तेही जमत नाही. आपला जिल्हा पर्जन्यछायेचा. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे एप्रिलात विहिरी तळ गाठू लागतात. शिवाय ऊन वाढले की वेलींवर नर फुलेच जास्त येतात, टोमॅटोची फुले गळतात, आणि पांढऱ्या माशीमुळे भेंडीवर केवडा पसरतो. म्हणजे थंडी आणि उन्हाळा यांच्यामध्ये फेब्रुवारीचे तीन-चार आठवडे काय ते आपल्या हातात राहतात.

आपल्या घरांत याच काळात आणखी एक हिशोब चालतो, तो रमजानचा. इफ्तारच्या दस्तरखानावर घरची काकडी, घरची कोथिंबीर असावी, असे कुणाला वाटत नाही? पण हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२३ मध्ये पहिला रोजा २४ मार्चला होता. काकडीला पेरणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत ४५ ते ५० दिवस लागतात, म्हणजे तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला वेल रमजानला बरोबर हाती येत होता. २०२५ मध्ये पहिला रोजा २ मार्चला आला. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होण्याची शक्यता आहे. त्यासाठी काकडी डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेरावी लागेल, म्हणजे ऐन कडाक्यात. तो हट्ट सोडलेला बरा. पुढची काही वर्षे रमजानसाठी मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर करावी. या भाज्यांना थंडी मानवते. काकडी बाजारातून आणावी.

चांद्र महिने आणि पिकांचा मौसम यांचा मेळ बसत नाही, हे आपल्या पूर्वजांना चांगलेच ठाऊक होते. दख्खनेत चौदाव्या शतकापासून शुहूर सन चालत असे. शुहूर म्हणजे महिने. वर्षांचे आकडे अरबी शब्दांत, म्हणजे इसन्ने, सलास, अर्बा असे लिहायचे. पण वर्ष सुरू व्हायचे सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. निजामशाहीचे तख्त याच नगरात होते आणि तिच्या दफ्तरातही हा सन वापरात होता; पुढे पेशव्यांच्या कागदांतही तो दिसतो. इबादतीला चांद आणि शेतीला सूर्य, अशी ही सोय होती. आम्हाला ती फार शहाणपणाची वाटते, आणि मुलांना इतिहास शिकवताना ती आवर्जून सांगावी असेही वाटते.

आता प्रत्यक्ष कामाचे. आमच्या शाळेच्या परसबागेसाठी मुले जानेवारीपासून रोज सकाळचे तापमान फळ्यावर लिहितात. साधा थर्मामीटर सावलीत टांगला तरी पुरते. सलग सात-आठ दिवस पहाटेचा पारा १४-१५ अंशांच्या वर राहिला की काकडी, दोडका, कारले, दुधी, गवार, भेंडी थेट जमिनीत टाकायला हरकत नाही. एखाद-दुसऱ्या उबदार रात्रीवर विश्वास ठेवू नये. उत्तरेत बर्फ पडला की गार वारे इकडेही पोचतात. २००८ आणि २०१९ मध्ये तर फेब्रुवारीतच थंडीची लाट आली होती.

वेळ वाचवायची असेल तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वेलभाज्यांचे बी माती-शेणखत भरलेल्या लहान पिशव्यांत लावा आणि पिशव्या रात्री ओसरीत घ्या. कारल्याच्या बीचे कवच टणक असते. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या कापडात गुंडाळून ठेवले की लवकर मोड येतात. तीन-चार पाने आली की रोप मुळाची माती न फोडता आळ्यात लावायचे. टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपेही याच सुमारास झाकलेल्या वाफ्यात करावीत.

जागाही पाहावी. गार हवा जड असते, ती खोलगटात साचते. प्रवरा, मुळा, सीनेच्या काठच्या सखल रानात पहाट उंचवट्यापेक्षा गार असते. तिथे आठवडाभर उशिराच लावावे. अकोल्याच्या डोंगराकडच्यांनी तर आणखी सबुरीने घ्यावे. उलट गावातल्या जुन्या वाड्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत माती लवकर तापते, तिथला वेल आधी धरतो. लावल्यानंतर लाट आलीच तर संध्याकाळी पाणी द्यावे, ओली माती रात्री ऊब धरते. रोपांवर जुनी पोती किंवा फाटक्या साड्या टाकाव्यात आणि सकाळी ऊन आल्यावर काढाव्यात. उसाचे पाचट मात्र एवढ्यात पसरू नये, कारण त्याखाली माती तापत नाही. ते मार्चमध्ये, ओल टिकवायला घालावे.