शिकवणी घोड्याची कीं स्वाराची?

घोड्यांची स्पर्धा म्हटली कीं मुंबईकराच्या मनापुढें महालक्ष्मीचें मैदान उभें राहतें: भरधांव सुटलेले घोडे, उडणारी माती आणि पैजा लावणाऱ्यांचा कोलाहल. परंतु घोडेस्वारीचा असाहि एक सामना आहे, ज्यांत कोणी कोणाच्या पुढें जात नाहीं, कोणी उडी मारीत नाहीं, आणि प्रेक्षकांनींहि शांत बसावें अशीच अपेक्षा असते. ६० मीटर लांब व २० मीटर रुंद अशा आंखलेल्या जागेंत एका वेळीं एकच घोडा येतो. ठरलेल्या ठिकाणीं थांबतो, वळतो, दुडकी चालतो, वर्तुळें काढतो, आणि कांहीं मिनिटांतच त्याचा स्वार परीक्षकास अभिवादन करून त्यास बाहेर नेतो. या प्रकारास ड्रेसाज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. त्याचा अर्थ शिकवून तयार करणें. नवख्या प्रेक्षकास या कांहीं मिनिटांत विशेष असें कांहींच घडलें नाहीं असें वाटतें. स्वारानें काय केलें हें दिसूं नये आणि घोडा जणूं आपल्याच मनानें वागला असें भासावें, हेंच या कलेचें ध्येय असल्यामुळें प्रेक्षकाचा तो अभिप्राय एक प्रकारें स्तुतीच होय.

परीक्षेची मांडणी मात्र अगदीं रोखठोक असते. जागेच्या कडेनें रोमन लिपींतील अक्षरें लावलेलीं असतात. ए या अक्षरापाशीं प्रवेश. समोरच्या टोकास सी जवळ मुख्य परीक्षक. आणि मध्यबिंदूचें नांव एक्स, जें कोठेंहि लिहिलेलें नसतें, स्वारानेंच ओळखावयाचें असतें. कोणत्या अक्षराशीं कोणती कृति करावयाची याचा छापील कागद आधीं मिळतो. प्रत्येक कृतीस ० ते १० यांमधील गुण: ० म्हणजे कृति झालीच नाहीं, ५ म्हणजे जेमतेम, ७ म्हणजे बऱ्यापैकीं, १० म्हणजे उत्कृष्ट. परीक्षकाशेजारीं लेखनिक बसतो आणि गुणांबरोबर एखाद-दुसरा शब्दहि टिपतो: 'थांबा तिरका', 'लय बिघडली', 'वर्तुळ लहान'. शेवटीं सर्वांची बेरीज होऊन शेंकडेवारी निघते. आयुष्यभर वकिली, वैद्यकी किंवा कारकुनी करून उरल्या वेळांत घोड्यावर बसणारा हौशी मनुष्य याच कागदाच्या आशेनें वर्षभर कष्ट करतो, आणि त्यासाठींच शिक्षकाकडे जातो.

हा शिक्षक नेमकें काय शिकवितो? जुन्या मराठी पागांत घोडे तयार करणाऱ्या कुशल माणसास चाबुकस्वार म्हणत. तो स्वतः घोड्यावर बसे, त्याच्या खोडी मोडी, त्यास चाली शिकवी, आणि तयार जनावर धन्याच्या हवालीं करी. हौशी स्वाराचा ड्रेसाज-शिक्षक बहुधा जमिनीवर उभा असतो. त्याची नजर घोड्याच्या पावलांवर असते, पण बोलणें सारें स्वारास उद्देशून: 'नजर वर', 'खांदे सैल', 'उजवा हात शांत'. तासभर शिकवणी चालते आणि घोड्याला एक शब्दहि कोणी सांगत नाहीं. याचें कारण असें कीं, घोड्यांत दिसणारे पुष्कळसे दोष मुळांत स्वाराच्या शरीरांत असतात.

घोड्याच्या कातडीची जाणीव इतकी तीक्ष्ण असते कीं, अंगावर माशी बसली तर तो तेवढाच भाग थरथरवून तिला उडवितो. अशा पाठीवर मनुष्य बसला म्हणजे त्याच्या वजनाचा लहानसा कलहि घोड्यास आज्ञेसारखा वाटतो. मनुष्यास मात्र स्वतःच्या वांकडेपणाची खबर नसते. जो वर्षानुवर्षें मेजाशीं एका अंगावर रेलून लिहीत आला, त्यास तो कल हाच सरळपणा वाटूं लागतो. शिक्षकानें त्यास खरोखर सरळ बसविलें म्हणजे आपण दुसऱ्या बाजूस पडत आहों अशीच त्याची समजूत होते. ज्याची जाणीवच चुकीची साक्ष देते, त्यास पुस्तक वाचून किंवा एकट्यानें सराव करून सुधारतां येत नाहीं. बाहेरचा डोळा लागतोच. जमिनीवरून पाहणारा शिक्षक हा प्रथम तो डोळा असतो.

एका साध्या उदाहरणानें हें स्पष्ट होईल. २० मीटर व्यासाचें वर्तुळ हें नवशिक्याच्या परीक्षेंत हमखास असतें. कागदावर तें सोपें. मैदानावर त्याचा बहुधा बटाटा होतो. घोडा बाहेरच्या खांद्याकडून वर्तुळाबाहेर सरकूं लागतो, आणि घाबरलेला स्वार लगामाची आंतील वादी ओढतो. त्यामुळें घोड्याची मान तेवढी आंत वळते, खांदा मात्र अधिकच बाहेर निसटतो, आणि स्वार आणखी जोरानें ओढतो. शिक्षक नेमकें उलट सांगतो: आंतला हात हलका करा, बाहेरच्या वादीनें खांदा आवरा, आंतला पाय बरगडीशीं लावा, आणि आपली छाती वर्तुळाच्या रेषेप्रमाणें वळवा. स्वारास हें अविश्वसनीय वाटतें. पण दोन-तीन फेऱ्यांत वर्तुळ गोल होतें आणि घोडा मान सैल करून फुरफुरतो. हट्टी म्हणून ज्यास बोल लागत होता तो केवळ परस्परविरुद्ध हुकूम ऐकत होता, हें स्वारास त्या क्षणीं कळतें.

म्हणूनच चांगला शिक्षक आरंभीं मांड पक्की करण्यावर भर देतो. घोड्यास लांब दोरीनें आपल्याभोंवतीं फिरवीत तो विद्यार्थ्यास रिकिबी काढून, हातांत लगाम न देतां बसवितो. तोल जातांना लगामाचा आधार शोधणारा हात घोड्याचें तोंड दुखवितो. तो आधार मनांतूनच काढून टाकणें हा यांतील हेतु. व्हिएन्ना येथील स्पॅनिश रायडिंग स्कूल या संस्थेचें सुप्रसिद्ध हिवाळी सभागृह १७३५ सालीं पुरें झालें. नव्या विद्यार्थ्यास अनुभवी घोड्यावर अशा रीतीनें बसविण्याची परंपरा तेथें अजून चालू आहे. जुना घोडा नव्या स्वारास शिकवितो, आणि तो स्वार जुना झाला म्हणजे नव्या घोड्यास शिकवितो, असा हा क्रम आहे.

पुढील शिक्षणासहि पायऱ्या आहेत. जर्मन घोडदळाच्या शिक्षणपद्धतींतून आलेला सहा पायऱ्यांचा क्रम आज बहुतेक देशांत मानला जातो: प्रथम चालींतील नियमित लय, मग अंगाचा सैलपणा, नंतर लगामाशीं मऊ, अखंड संबंध, त्यानंतर मागच्या पायांतून येणारा जोम, मग सरळपणा, आणि सर्वांत शेवटीं घोड्यानें आपलें वजन मागच्या पायांवर घेऊन एकवटणें. हा क्रम शिडीसारखा आहे. खालची पायरी मोडकी ठेवून वरची चढतां येत नाहीं. घोड्याची मान सुंदर कमानदार झालेली दिसते ती या सर्व पायऱ्यांचें फळ म्हणून. मान तेवढी वांकविली म्हणून मागच्या पायऱ्या आपोआप येत नाहींत.

हौशी स्वाराचा मोह नेमका येथेंच असतो. धंदेवाईक स्वार दिवसाला अनेक घोड्यांवर बसतो. हौशी मनुष्यास आठवड्यांतून तीन-चार तास मिळतात. प्रवेशशुल्क भरलेलें असतें, स्पर्धेची तारीख जवळ येते, आणि सैलपणा येण्याची वाट पाहण्यास धीर उरत नाहीं. मग हातानें ओढून किंवा पट्ट्यांनीं बांधून घोड्याची हनुवटी छातीकडे आणली जाते. दुरून तें शिक्षणासारखें दिसतें. परंतु जनावराचा श्वास कोंडतो, पाठ ताठरते आणि चाल आंखूड होते. नियम तर असा आहे कीं, कानामागचा भाग हाच मानेचा सर्वोच्च बिंदु असावा आणि नाकाची रेषा लंबाच्या किंचित् पुढें असावी. अशा वेळीं 'यंदा हा वर्ग नको, खालच्याच वर्गांत भाग घ्या' असें सांगणें हें शिक्षकाचें कर्तव्य ठरतें. विद्यार्थी नाराज होईल, कदाचित् दुसऱ्या शिक्षकाकडे जाईल, आणि शिकवणीचे पैसेहि त्याच्याबरोबर जातील. तरीहि हा नकार देणें त्याच्याच हातीं असतें, कारण घोड्यास स्वतः तक्रार सांगतां येत नाहीं.

हा धोका केवळ हौशी मंडळींपुरता नाहीं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर ब्रिटनच्या एका ऑलिंपिक-विजेत्या स्वारास माघार घ्यावी लागली. शिकवणीच्या वेळीं विद्यार्थ्याच्या घोड्याच्या पायांवर लांब चाबकाचे वारंवार प्रहार केल्याचें चित्रण उघडकीस आलें होतें. आंतरराष्ट्रीय महासंघानें पुढें एका वर्षाची बंदी घातली. स्पर्धेचा प्रसंग नव्हे, तर शिकवणीचा तास हा या शिक्षेचा विषय होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वस्तुतः मारानें सौंदर्य निर्माण होत नाहीं हा विचार या विद्येइतकाच जुना आहे. ग्रीक लेखक झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चवथ्या शतकांत अश्वविद्येवर लिहिलेल्या ग्रंथांत तोच आग्रहानें मांडला आहे.

बळ लागत नाहीं याचा सर्वांत बोलका पुरावा डेन्मार्कच्या लिस हार्टेल या स्त्रीनें दिला. १९४४ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालील पायांतील शक्ति कायमची गेली. त्या काळीं ऑलिंपिक ड्रेसाजमध्यें स्त्रियांना प्रवेशच नव्हता, आणि सैन्यांतील अधिकारी नसलेल्या शिपाई-हवालदारांनाहि नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें स्वीडनच्या संघानें मिळविलेलें सुवर्णपदक, त्यांतील येनॅल पेर्सन हा खरा अधिकारी नाहीं म्हणून, पुढील वर्षीं काढून घेण्यांत आलें. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून ही बंधनें उठलीं. पेर्सनसह स्वीडनचा तोच संघ पुन्हां जिंकला. आणि जिला घोड्यावर चढतांना व उतरतांना इतरांच्या मदतीची गरज लागे त्या हार्टेलनें ज्युबिली या घोडीवर बसून, पुरुषांच्या बरोबरीनें, वैयक्तिक रौप्यपदक मिळविलें. १९५६ मध्यें तिनें तें पुन्हां मिळविलें. टांचेनें इशारा देणें तिला अशक्य होतें. तें काम तिच्या वजनानें, पाठीनें व मांड्यांनीं केलें, आणि घोडी तो इशारा समजून घेण्यास शिकली.

भारतांत या खेळाकडे लोकांचें लक्ष वेधलें तें २०२३ मध्यें. हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृति सिंग आणि इंदूरची सुदीप्ति हजेला या चौघांनीं २०९.२०५ गुण मिळवून सांघिक सुवर्णपदक जिंकलें. १९८२ नंतर घोडेस्वारींतील हें भारताचें पहिलें सुवर्ण. अगरवालानें वैयक्तिक कांस्यपदकहि मिळविलें, आणि २०२४ मध्यें ऑलिंपिक ड्रेसाजमध्यें उतरलेला तो पहिला भारतीय ठरला. हे तरुण स्वार घरापासून दूर, युरोपांतील शिक्षकांच्या नजरेखालीं वर्षानुवर्षें राबले होते. घोडा विकत घेतां येतो. सरळ बसण्याची जाणीव मात्र कोणाच्या तरी पायाशीं राहूनच मिळवावी लागते, हा त्यांच्या यशाचा अर्थ आहे.

परीक्षेच्या दिवशीं शिक्षक कडेबाहेर उभा राहतो. खालच्या वर्गांत कांहीं ठिकाणीं कृतींचा कागद मोठ्यानें वाचून दाखविण्याची मुभा असते, परंतु सूचना देण्यास कोणासहि परवानगी नसते. स्वारानें घोड्याशीं आवाज केला तरी गुण कापले जातात. वर्षभर उच्चारलेले सारे शब्द त्या वेळीं स्वाराच्या अंगांत उतरलेले असावे लागतात. निकाल लागल्यावर गुरु-शिष्य कागद घेऊन बसतात. सुज्ञ शिक्षक बेरजेकडे शेवटीं पाहतो. आधीं शोधतो तो 'थांबा चौरस', 'संबंध मऊ' अशासारखा एखादा शेरा. मागच्या वर्षीं जेथें ४ होते तेथें यंदा ६ मिळाले असतील, तर स्वाराचा हात तेवढा शांत झाला आणि घोड्याचें तोंड तेवढें निर्भय झालें, असा त्याचा अर्थ. चषक दुसऱ्या कोणाच्या घरीं गेला तरी ही कमाई स्वाराचीच राहते, आणि तिचा पहिला लाभ घोड्यास मिळतो.