क्रेडिट जमा झाले का? आधी विचारा, मग शिका

कापड बाजारात क्रेडिट म्हणजे उधारी. त्यामुळे आमचा भाचा कॉलेजातून येऊन म्हणाला, "मामू, माझे क्रेडिट धरले नाहीत," तेव्हा आम्हाला वाटले फी थकली असेल. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे. कॉलेजचा हिशेब पोरांकडूनच कळतो.

भाचा सकाळी कॉलेजात, दुपारनंतर आमच्या गादीवर. लग्नसराईत वर्ग बुडतात म्हणून त्याने एका खाजगी कंपनीचा ऑनलाइन कोर्स पैसे भरून केला. शटर ओढल्यावर चार महिने रोज रात्री मोबाइलसमोर. रंगीत प्रमाणपत्र आले. कॉलेजने ते पाहून परत दिले. त्या विषयाची परीक्षा द्यावीच लागणार. पैसे भरताना आम्हीही काही विचारले नव्हते, ही आमची चूक.

मग चौकशी केली. विष्णुपुरीचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये निघाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची कॉलेजे त्याला जोडलेली. पण ऑनलाइन क्रेडिटचा मूळ कायदा दिल्लीचा, विद्यापीठ अनुदान आयोगाचा. सरकारचे 'स्वयम्' हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. तिथे शिकणे फुकट, परीक्षेला फी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घेण्याची मुभा कॉलेज देऊ शकते. 'देऊ शकते' हे शब्द नीट वाचावेत. कॉलेजने तो विषय मान्य केला नसेल तर मार्क कितीही पडोत, उपयोग नाही. माल पाठवण्याआधी समोरच्या पेढीची ऑर्डर हातात लागते, तसेच हे.

त्याच २०२१ साली 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' निघाली. हिच्यात पैसा नाही, फक्त क्रेडिट. खाते विद्यार्थ्याचे, पण भरणा संस्थाच करते. आपण नेलेला कागद तिथे चालत नाही. एकदा पदवीसाठी वापरलेले क्रेडिट वटलेल्या चेकसारखे, पुन्हा चालत नाही. मुदत साधारण ७ वर्षे. धंद्यापायी किंवा लग्नामुळे कॉलेज सुटलेल्या आपल्या मुलामुलींसाठी ही ७ वर्षे मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेले तरी कमाई खात्यात राहते, नवे कॉलेज ती धरील का एवढेच आधी विचारायचे.

खाते डिजिलॉकरवरून उघडते. तिथे आपल्या लोकांचा एक नेहमीचा घोळ: आधारवर 'शेख' नावाच्या आधी, मार्कलिस्टवर नंतर. दोन्हीकडे नाव सारखे करून घ्यावे, नाहीतर भरणा अडकतो.

भाच्याने या वेळी विषयाचे नाव लिहून कॉलेजात अर्ज दिला आहे. शिक्क्याची पोच आमच्या गल्ल्यात ठेवली आहे. लेखी होकार आला की तो नाव नोंदवणार.