दोन दिवसांचा मुक्काम, तीन दिवसांचा शिधा

मुंबई बंदरात शिडाच्या बोटींचा हंगाम पाऊस ओसरला की सुरू होतो. चार महिने किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या बोटी पाण्यात उतरतात, दिवाळीनंतर वारा मार्गी लागतो आणि पुढचा पावसाळा जवळ येईपर्यंत अपोलो बंदरासमोर पांढरी शिडं दिसत राहतात. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ची, म्हणजे हा छंद इथे चांगलाच मुरलेला आहे. बहुतेक मंडळी दोन-तीन तास फिरून परततात. माझं मत असं, की बोट खऱ्या अर्थाने कळते ती तिच्यावर रात्र काढल्यावर.

पंचवीस-तीस फुटांच्या बोटीत चौघांना आडवं होता येतं, उंच माणसाला मात्र ताठ उभं राहता येत नाही. एक चूल, एक बेसिन, पिण्याच्या पाण्याची छोटी टाकी आणि हातपंपाचा संडास, एवढाच संसार. किनाऱ्यावर विसरलेली वस्तू दोन दिवस मिळत नाही. म्हणून सामानाची यादी आठवडाभर आधी हवी, आणि यादीच्याही आधी पंचांग उघडायला हवं.

कोकणातल्या दर्यावर्दींचा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात पाहावीच, पण बेत आखायला हे गणित पुरतं. समजा, मुक्कामाला मांडव्याला जायचं आहे आणि शनिवारी द्वादशी आहे. सकाळी नऊनंतर ओहोटी लागते आणि पाणी बंदराबाहेर ओढू लागतं. दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो. गेटवेपासून मांडवा दक्षिणेला, सरळ रेषेत जेमतेम आठ सागरी मैल. वारा पाठीमागून, पाणी सोबतीला, त्यामुळे दोन तासांत निवांत पोहोचता येतं.

परतीचा हिशेब वेगळा. रविवारी दुपारी निघालात तर तोच वायव्येचा वारा तोंडावर आणि ओहोटीही विरुद्ध. मग नागमोडी वळणं घेत तासन्‌तास झगडावं लागतं. उलट पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहत असतो. उत्तरेकडे जाणाऱ्या बोटीला तो उजव्या कुशीवर मिळतो आणि पावणेदहापर्यंत भरती आत घेऊन येते. मात्र ऊन चढलं की हा वारा पडतो, आणि खारा वारा सुटेपर्यंत समुद्र कधीकधी अगदी निपचित पडून राहतो. अशा वेळी शहाणपण थांबण्यातच असतं. पाणी संपलं, पोरं भुकेली झाली म्हणून भलत्या वेळी नांगर उचलला की चुका सुरू होतात. दोन दिवसांना तीन दिवसांचा शिधा घ्यायचा तो एवढ्यासाठी.

पहिला मान पाण्याचा. पिण्या-रांधण्याला माणशी रोज चार लिटर धरावं. सगळं टाकीत न भरता काही कॅनमध्ये ठेवावं, म्हणजे टाकीला गळती लागली तरी घसा ओला राहील. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा द्यावा. बंदरातल्या पाण्यात मात्र हे करू नये, ते घाण असतं.

खाण्याच्या बाबतीत आपल्या आज्या कोणत्याही नौकाशास्त्राच्या पुस्तकापेक्षा पुढे आहेत. दुधातल्या दशम्या, लसणीची चटणी, मेतकूट, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, कोकमाचं आगळ: यातल्या कशालाच फ्रिज लागत नाही. शनिवारी दुपारी दशमी-चटणी हातात धरून खावी, कारण बोट कललेली असताना ताट मांडीवर राहत नाही. रात्री नांगर टाकल्यावर कुकर लावावा. बोटीवर कुकरसारखं भांडं नाही: झाकण घट्ट, त्यामुळे हेलकावा बसला तरी खिचडी सांडत नाही, आणि इंधनही कमी लागतं. कांदे-बटाटे जाळीच्या वेगवेगळ्या पिशव्यांत टांगावेत. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडावीत, कारण त्यांच्या पन्हळीत झुरळांची अंडी लपून येतात. बर्फ चुऱ्याऐवजी लादीचा घ्यावा, तो कितीतरी जास्त टिकतो. आलं आणि लिंबू विसरू नये. बोट लागणाऱ्याने उपाशी राहू नये, थोडं-थोडं खावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

चूल गॅसची असेल तर विशेष जपावं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात खिडकी उघडून तो बाहेर काढता येतो, बोटीत मात्र तो तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. स्वयंपाक संपला की सिलिंडरचाच कॉक बंद करायचा, शेगडीचं बटण पुरेसं नाही.

नांगर टाकतानाही भरती विसरून चालत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. दुपारी ओहोटीला जिथे तीन मीटर खोली होती, तिथे रात्री सात मीटर होते. दोर भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावा. मांडव्याला रो-रो आणि लाँचींच्या वाटेपासून, कोळ्यांच्या जाळ्यांपासून लांब थांबावं. डोल जाळं म्हणजे कुणाचा तरी रोजगार असतो, त्यात सुकाणू अडकवणं अक्षम्य आहे. किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून ठेवाव्यात. त्या एकमेकींपासून सरकल्या तर नांगर घसरत असल्याची शंका घ्यावी. रात्रभर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हवाच.

मग जेवणं होतात, डेकवर चादरी येतात. उत्तरेला मुंबईचा उजेड, दक्षिणेला काळोखात खांदेरीचा दीपस्तंभ. १८६७ सालचा हा दीपस्तंभ ज्या बेटावर आहे, तिथे शिवाजी महाराजांनी १६७९ साली तटबंदी उभारायला घेतली आणि इंग्रज-सिद्दींच्या आरमारांना तोंड देत ती टिकवली. २०२५ साली हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. आपण ज्या पाण्यावर झोपतो, त्यावर त्या काळचे खलाशी हाच वारा आणि हीच ओहोटी मोजत होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

परतताना जहाजांचं चॅनेल काटकोनात, झटपट ओलांडावं. इंजिनाच्या बोटीने शिडाला वाट द्यावी हा नियम खरा, पण अरुंद चॅनेलमध्ये मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, हाही तितकाच पक्का. लाइफ जॅकेट अंगावर हवं, पेटीत नव्हे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

स्वतःची बोट असावीच असं नाही. आधी पोहायला शिका, मग एखाद्या सेलिंग क्लबात छोट्या डिंगीवर हात बसवा आणि अनुभवी नावाड्यासोबत पहिला मुक्काम करा. रात्रीच्या मुक्कामाचे नियम नि परवाने निघण्याआधी विचारून घ्या. आणि नेलेला कचरा, अगदी लिंबाच्या सालीपर्यंत, परत घेऊन या.